ध्वजाचे माप आणि ध्वजाचा अर्थ

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने राष्ट्रध्वजाचा जो ठराव संमत केला, तो जेमतेम चार-पाच वाक्यांचा आहे. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे सारख्या रुंदीचे तीन आडवे पट्टे असावेत. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी चरख्याचे प्रतीक म्हणून गडद निळे चक्र असावे. त्या चक्राचा घाट सारनाथच्या अशोककालीन सिंहशीर्षावरील चक्राचा असावा. चक्राचा व्यास साधारण पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीइतका असावा आणि ध्वजाच्या रुंदी-लांबीचे प्रमाण सामान्यतः दोनास तीन असावे. ठराव इथेच संपतो. केशरी म्हणजे काय, पांढरा म्हणजे काय, हिरवा म्हणजे काय, याविषयी त्यात अवाक्षर नाही. चक्राविषयी जे आहे, तेही सरळ नाही. चक्र चरख्याचे प्रतीक आहे म्हणायचे आणि त्याचा घाट मात्र अशोकाचा घ्यायचा, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्राला आणि धम्माच्या चाकाला एकाच वर्तुळात बसवायचे. कायद्याच्या भाषेत असा दुहेरीपणा दोष मानला जातो. मला मात्र आपल्या राजचिन्हांच्या जडणघडणीतला सर्वांत शहाणपणाचा भाग हाच वाटतो.

नव्या राष्ट्राला चिन्हे लागतात, कारण सीमा नकाशावर असल्या तरी डोळ्यांना दिसत नाहीत आणि घटना कितीही थोर असली तरी ती खांबावर फडकवता येत नाही. मात्र चिन्ह घडवताना राज्यसंस्थेने दोन कामे वेगळी ओळखली पाहिजेत. एक म्हणजे चिन्हाचे शरीर ठरवणे, म्हणजे त्याचे कापड, रंग, माप आणि ते वापरण्याची रीत. दुसरे म्हणजे त्याचा अर्थ ठरवणे. पहिले काम राज्यसंस्थेने अतिशय काटेकोरपणे करावे आणि दुसरे नागरिकांवर सोडून द्यावे, असे माझे मत आहे. स्वातंत्र्याच्या सुरुवातीच्या वर्षांत आपण बरेचसे असेच वागलो. गेल्या काही वर्षांत मात्र शरीराबाबत सैल आणि अर्थाबाबत ताठर, अशी उलटी रीत पडत चालली आहे.

चरख्याचे चक्र कसे झाले, ते पाहण्यासारखे आहे. ठराव मांडताना पंडित नेहरूंनी जे कारण दिले, त्यात तत्त्वज्ञान कमी आणि शिवणकाम जास्त होते. ध्वजाच्या एका बाजूस जे दिसते तेच दुसऱ्या बाजूसही तसेच दिसले पाहिजे. चरख्याला एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती असते, त्यामुळे मागून पाहिले की तो उलटा दिसतो. मग चरख्यातले नुसते चाक ठेवू या, असे ठरले, आणि चाक ठेवायचे तर ते कोणते, या प्रश्नाला सारनाथने उत्तर दिले. गांधीजींना हे रुचले नाही. ज्या ध्वजावर चरखा नसेल त्याला आपण वंदन करणार नाही, असे त्यांनी स्वातंत्र्यदिनाला आठवडाभर उरला असताना बोलून दाखवले होते. राष्ट्रपित्याची नाराजी पत्करून राष्ट्राचा ध्वज घडला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून सहसा वगळली जाते. वास्तविक तीच सांगण्याजोगी आहे, कारण ज्या चिन्हावर कोणा एकाचीच मालकी असते ते सर्वांचे होऊ शकत नाही.

रंगांचा इतिहासही असाच आहे. १९२१ मध्ये बेझवाड्याला (आजच्या विजयवाड्याला) भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे ध्वजाचा जो आराखडा ठेवला, त्यातून पुढे आलेल्या ध्वजात लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकीच्या सर्वांचा, असे उघड सांगितले जाई. रंग अशा रीतीने वाटून दिले की ज्याला वाटा मिळाला नाही तो मागतोच. शिखांनी आपला रंग मागितला आणि ते रास्तच होते. १९३१ मध्ये या प्रश्नासाठी नेमलेल्या सात जणांच्या समितीत वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, नेहरू आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्यासोबत साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर होते. या समितीने सगळी वाटणीच रद्द करून संपूर्ण केशरी ध्वज आणि त्यावर चरखा, अशी शिफारस केली. आझाद आणि तारासिंग यांच्या उपस्थितीत एकरंगी केशरी ध्वज सुचवला गेला, हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने ती शिफारस नाकारली आणि केशरी, पांढरा व हिरवा असा तिरंगा स्वीकारला. रंगांना जातीय अर्थ नाही, असे तेव्हा स्पष्ट करण्यात आले आणि त्याजागी गुण आले: धैर्य व त्याग, शांती व सत्य, श्रद्धा व शौर्य. दहा वर्षांत समाजगटांचे रंग सद्गुणांचे झाले.

घटना समितीत नेहरू म्हणाले की हा ध्वज तयार करताना त्याला कोणताही जातीय अर्थ दिलेला नव्हता. १९३१च्या ध्वजापुरते ते खरे आहे, १९२१च्या नाही. पण या सोयीस्कर विस्मरणाबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. त्याच दिवशी डॉ. राधाकृष्णन यांनी आणखी तिसरीच मांडणी केली. त्यांच्या मते भगवा हा वैराग्याचा रंग आहे आणि तो पुढाऱ्यांना स्वतःच्या लाभाविषयी उदासीन राहायला सांगतो. पांढरा हा प्रकाश आहे. हिरवा म्हणजे ज्यावर सारे जीवन अवलंबून आहे त्या मातीशी आणि वनस्पतींशी असलेले आपले नाते आहे. आणि चक्र म्हणजे गतिमान धर्म. मग आदिवासी नेते जयपालसिंग उठले. छोटा नागपूरच्या आदिवासींमध्ये गावागावाचा स्वतःचा ध्वज असतो, त्याची नक्कल दुसऱ्या कोणाला करता येत नाही आणि आजपासून आमच्याकडे दोन ध्वज असतील, एक हजारो वर्षांचा आमचा आणि दुसरा हा, अशा आशयाचे ते बोलले. सभागृहाने हे ऐकून घेतले आणि ठराव एकमताने संमत केला. हे सगळे अर्थ भाषणांतच राहिले, ठरावात त्यांतला एकही उतरला नाही. आपल्याकडे अर्थांची चणचण नव्हती, तरीही सभागृहाने त्यांतला कोणताही एक अधिकृत केला नाही.

ही जागा मोकळी राहिल्यामुळे पुढे काय घडू शकले, याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. घटना समितीने ध्वजासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते आणि सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा राष्ट्रध्वजावरचे चक्र नऊ वर्षांचे झाले होते. त्या दिवसानंतर त्या चक्राकडे पाहणारी एक नवी दृष्टी आली. ठरावाच्या शब्दांनुसार ते चरख्याचे प्रतीक होते आणि आजही आहे. परंतु सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रांगेत निळ्या कापडावर पांढऱ्या रंगात रेखलेले तेच चोवीस आऱ्यांचे चक्र घेऊन चालणाऱ्या माणसाला त्यात सूतकताई दिसत नाही. त्याला त्यात बुद्धाचे धम्मचक्र दिसते. आपल्या पूर्वजांना ज्या व्यवस्थेने गावाबाहेर ठेवले, तिच्या आधीचा एक भारत दिसतो, आणि तो भारत प्रजासत्ताकाच्या ध्वजावर मधोमध बसला आहे याचे समाधानही दिसते. हा अर्थ कोणत्याही मंत्रालयाने दिलेला नाही. मंत्रालयाने चक्राचा अर्थ 'चरखा आणि केवळ चरखा' असा लिहून ठेवला असता, तर या माणसाचे वाचन नियमबाह्य ठरले असते.

आमच्या शाळेत मात्र अर्थ नियमातच होता. नागरिकशास्त्राच्या चाचणीत 'राष्ट्रध्वजातील रंग कशाचे प्रतीक आहेत?' हा प्रश्न तीन गुणांना असे आणि गाइडमधले उत्तर ठरलेले होते: केशरी त्याग, पांढरा शांती, हिरवा समृद्धी. एका मुलाने हिरव्यापुढे 'शेती' लिहिले. त्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीन होती, आणि राधाकृष्णन यांच्या भाषणाचा पत्ता नसताना तो त्यांच्या अगदी जवळ पोहोचला होता. बाईंनी त्याचा एक गुण कापला. ही घटना क्षुल्लक आहे हे मला कळते, पण चिन्हाचे अर्थ गोठतात ते अशाच ठिकाणी. संसदेने जे ठरवले नाही ते गाइडने ठरवले.

राजचिन्हाची, म्हणजे आपण ज्याला बोलण्यात 'अशोकस्तंभ' म्हणतो त्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९०४-०५ च्या उत्खननात सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंता एफ. ओ. ओर्टेल यांना सारनाथला ते शीर्ष सापडले. चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेले आहेत आणि त्यांच्या खालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल व सिंह असून त्यांच्या मधोमध चक्रे आहेत. मूळ शिल्पात सिंहांच्याही वर एक मोठे चक्र होते, म्हणजे सिंह हे आसन होते आणि मान चक्राचा होता. २६ जानेवारी १९५० रोजी राजचिन्ह स्वीकारले गेले तेव्हा ते वरचे चक्र त्यात नव्हते, घंटेच्या आकाराचे कमळही वगळले होते, आणि सपाट चित्रात चौथा सिंह दिसणे शक्यच नव्हते. खाली मुंडकोपनिषदातले 'सत्यमेव जयते' देवनागरीत आले. बौद्ध शिल्प आणि उपनिषदातले वचन एकाखाली एक ठेवले गेले. पुराणवस्तू तिच्या मूळ जागेतून उचलून नव्या राज्याच्या कपाळावर बसवली की तिचा अर्थ बदलतोच, आणि तो बदलावा यासाठीच तर ती उचललेली असते.

जुलै २०२२ मध्ये नव्या संसद भवनावरील साडेसहा मीटर उंचीच्या ब्राँझच्या राजचिन्हाचे अनावरण झाले, तेव्हा हे सिंह मूळ शिल्पापेक्षा उग्र दिसतात की नाही, यावर मोठे वादंग झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पाहणाऱ्याला काय वाटते ते त्याच्या मनावर अवलंबून असते, असे म्हणून न्यायालयाने याचिका फेटाळली. टीकाकारांना हा निकाल अपुरा वाटला. मला सिंहांच्या जबड्यापेक्षा निकालातले हे तत्त्व अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते जर सिंहांना लागू असेल तर रंगांना, चक्राला आणि गीतालाही लागू असले पाहिजे. पाहणाऱ्याच्या मनाची मुभा फक्त सरकारी शिल्पाच्या बचावापुरती मान्य करता येणार नाही.

हा विचार भाबडा नाही, हे दाखवण्यासाठी दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. वर्णद्वेषी राजवट संपताना तिथे नव्या ध्वजासाठी जनतेकडून सात हजारांवर आराखडे आले आणि त्यांतला एकही पसंत पडला नाही. शेवटी फ्रेडरिक ब्राउनेल यांनी रेखाटलेला सहा रंगांचा ध्वज १९९४ च्या निवडणुकीला जेमतेम काही आठवडे उरले असताना तात्पुरता म्हणून स्वीकारला गेला. लोकांनी तो असा उचलून धरला की १९९६ च्या घटनेने त्यालाच कायम केले. तिथल्या सरकारची अधिकृत भूमिका अशी आहे की ध्वजातल्या रंगांना कोणताही सार्वत्रिक अर्थ जोडू नये. ज्या देशात काळा आणि पांढरा हे शब्द उच्चारणेही जखमेला हात लावण्यासारखे होते, तिथे हे मौन फार विचारपूर्वक पाळलेले आहे.

मात्र मोकळा अर्थ आणि रिकामा अर्थ यांत फरक आहे, हेही मान्य केले पाहिजे. बोस्नियामध्ये तीन समाजांच्या प्रतिनिधींचे ध्वजावर एकमत होईना, तेव्हा फेब्रुवारी १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय समुदायाचे उच्चाधिकारी कार्लोस वेस्टेनडॉर्प यांनी निळा-पिवळा ध्वज लादला. घाई इतकी होती, कारण नागानोची हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा तोंडावर आली होती. त्या देशाच्या राष्ट्रगीताला आजही अधिकृत शब्द नाहीत, नुसती चाल आहे. वाद टाळून केलेले चिन्ह कोणाला दुखवत नाही, पण ते कोणी स्वतःहून हातात घेईलच असे नाही. आपला ध्वज याच्या नेमका उलट आहे. त्यात अर्थांची इतकी गर्दी आहे की एकाला आत घेण्यासाठी दुसऱ्याला बाहेर काढावे लागत नाही.

महाराष्ट्रातले वाचक इथे शिवरायांच्या राजमुद्रेकडे बोट दाखवतील. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढणारी, विश्वाने वंदिलेली शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, असे ती मुद्रा स्वतःच संस्कृतात सांगते, तेही जेव्हा दख्खनच्या दरबारांवर फारसीची छाप होती तेव्हा. अर्थ इतका स्वच्छ सांगणारे राजचिन्ह क्वचितच सापडेल. पण ती राजाची मुद्रा होती आणि राजा आपल्या मुद्रेचा अर्थ स्वतः सांगू शकतो. प्रजासत्ताकात तो अधिकार एका माणसाकडे नसतो. २०२२ मध्ये नौदलाच्या निशाणावरून सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि त्या राजमुद्रेच्या प्रेरणेतून अष्टकोन आला, तेव्हा मराठी माणसाला आनंद झाला आणि मलाही झाला. तरीही त्या अष्टकोनात केरळच्या किंवा बंगालच्या खलाशाला आणखी काही दिसत असेल, तर त्याला दुरुस्त करायला आपण जाऊ नये.

राष्ट्रगीताच्या बाबतीत आपली प्रक्रिया सर्वांत कमकुवत होती, हे कबूल करायला हरकत नाही. ध्वजावर ठराव झाला, चर्चा झाली. राष्ट्रगीतावर मात्र २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसाद यांनी अध्यक्षस्थानावरून निवेदन केले, आणि 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरून 'वंदे मातरम्'ला समान मान मिळाला. मतदान झाले नाही. 'वंदे मातरम्' वाद्यवृंदावर वाजवण्याजोगे नाही, हा आक्षेप खोडून काढण्यासाठी गायक-संगीतकार मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी झिंझोटी रागात चाल बांधली, बँडसाठी तिची स्वरलिपी तयार करवून घेतली आणि दिल्लीत जाऊन ती ऐकवली. त्यांच्या पदरी यश आले नाही. पण चिन्ह घडवण्यात नागरिकाने कसा भाग घ्यावा याचे ते उत्तम उदाहरण आहे: आंदोलनाऐवजी त्यांनी पेटी घेतली आणि आक्षेपाला सुरांत उत्तर दिले.

पुढे राष्ट्रगीताभोवती जे घडले ते मात्र अर्थाची सक्ती म्हणजे काय याचे उदाहरण आहे. केरळमध्ये एका शाळेतली तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले गेले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न गाता उभे राहण्यात अपमान नाही असे म्हटले. तीस वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, त्याच न्यायालयाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत आणि उभे राहणे सक्तीचे केले आणि जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्रगीत वाजवणे ऐच्छिक केले. महाराष्ट्रात तर त्या आदेशाच्या आधीपासूनच चित्रपटापूर्वी राष्ट्रगीत वाजत असे. पॉपकॉर्नचा पुडा मांडीवरून उचलून उभे राहणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले आहे, हे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने तपासावे, अशी वेळ त्या काळात आली होती.

आता शरीराकडे वळतो. भारतीय मानक संस्थेने ज्या असंख्य वस्तूंची मानके ठरवली, त्यांत 'आय. एस. १', म्हणजे पहिल्या क्रमांकाचे मानक, राष्ट्रध्वजाचे आहे आणि ते १९५१ चे आहे. सिमेंट, विजेची तार, दुधाची भुकटी हे सगळे नंतर आले. त्या मानकात खादीच्या धाग्यांची संख्या, रंगाचा पक्केपणा, शिलाई, दोरी आणि ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपासून १५० बाय १०० मिलिमीटरपर्यंतचे नऊ आकार दिलेले आहेत. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला आणि आपल्याकडे नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत या मापाने ध्वज बनत आले. आमच्या शाळेचा ध्वज मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत असे. तो हातात घेतला की सुताची जाडी बोटांना कळायची, आणि ओला झाला की इतका जड व्हायचा की वारा असूनही खांबाला चिकटून राहायचा. चक्र चरख्याचे प्रतीक आहे, हे ठरावातले वाक्य त्या कापडामुळे खरे होते. घाट अशोकाचा असला तरी गांधीजींचा चरखा कापडाच्या धाग्यात उरला होता.

ध्वजसंहितेतल्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर केलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी 'हर घर तिरंगा' झाले आणि जुलै २०२२ मध्ये नागरिकांना रात्रीही ध्वज फडकवण्याची मुभा मिळाली. या बदलाची एक बाजू मला मान्य आहे. २००२ च्या ध्वजसंहितेपूर्वी सामान्य माणसाला आपल्या घरावर वर्षभर ध्वज लावताच येत नव्हता, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वज फडकवणे हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग मानला, हे योग्यच झाले. खादीचा ध्वज झोपडीला परवडत नाही, हेही खरे आहे. पण मग खादी सरकारी इमारती, शाळा आणि न्यायालये यांना सक्तीची ठेवून घरांना सूट देता आली असती. तसे न करता कापडाचा नियमच सैल झाला, आणि त्याबद्दल संसदेत किंवा समाजमाध्यमांवर चौथ्या सिंहाच्या जबड्याइतकीही चर्चा झाली नाही. ज्यांना इतरांची निष्ठा मोजण्याची हौस आहे, त्यांनाही ध्वजाचे धागे मोजावेसे वाटले नाहीत.

माझ्या मागण्या दोनच आहेत आणि दोन्ही किरकोळ खर्चाच्या आहेत. सार्वजनिक इमारतींवरचा ध्वज पुन्हा हातकताईच्या, हातमागाच्या खादीचाच असावा. आणि शाळेतल्या त्या तीन गुणांच्या प्रश्नाचे शब्द बदलून 'तुला या रंगांत काय दिसते?' असे करावेत. गुण पूर्ण द्यावेत, 'शेती' लिहिणाऱ्यालाही.